बीड अजून बंद आहे

वैनी, तुमच्या तेरवीचा मांडव निघाला नव्हता तोच राठोडचा फोन आला. आपल्या बिडातल्या, त्या राखीव गवताच्या रानातल्या सोलर प्लांटचा साइट इनचार्ज राठोड, तुम्हाला त्याच्या गोरबोलीत ‘याडी’, म्हणजे आई, म्हणायचा तो. तुम्ही गेल्याचं कळल्यावर येऊन एका कोपऱ्यात बसून गेला होता. फोनवर म्हणाला, “साहेब, हेड ऑफिसचा मेल आला. दिवाळीच्या आत प्लांटमधलं सगळं गवत साफ करा म्हणतात, आगीची भीती आहे म्हणून. मशीनवाले ढाणकीच्या साइटवरून निघून राह्यले. मधल्या पट्ट्याचं काय करू?”

तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं नाही, राग आला. तुमचा. अशी कोणी जाते का हो? महागावला भावाकडे चालले म्हणून पिशवीत दोन साड्या टाकल्या, अंगणात उभ्या राहून मला फोन केला, “भाऊजी, मी येईपर्यंत बिडात कोनाले शिरू देऊ नका,” आणि तिकडेच झोपेत गेलात. डॉक्टर म्हणाला, त्रास झाला नसेल. तुम्हाला नसेल झाला. इथे मागे राहिलेल्यांनी काय करायचं, ते सांगायला थांबायचं तरी होतं.

आपलं हेच भांडण अर्धवट राहिलं ना? मी म्हणत होतो, पॅनलच्या रांगांमध्ये सोडलेला गवताचा पट्टा कंपनीशी झालेल्या करारात लिहून घेऊ. किती जागा, कुठून कुठपर्यंत, गवत कधी कापायचं, सगळं लिहून, सह्या करून. तुम्ही प्रत्येक वेळी चहाचा कप पुढे सरकवून विषय मोडायच्या. “लिहून काय होते, भाऊजी? मानसानं पाह्याले पायजे.” मी चिडून म्हणायचो, माणूस बदली होऊन जातो, माणूस मरतो. त्यावर तुम्ही हसायच्या आणि म्हणायच्या, “मी कुठी मरून राह्यली?”

घ्या. जिंकलो मी. काय करू या जिंकण्याचं?

ही जागा कंपनीला मीच दाखवली होती, हे गावातल्या अर्ध्या लोकांना अजून माहीत नाही. यवतमाळच्या ऑफिसात बसून जमिनी शोधायचं माझं काम. बोरी अरबच्या पलीकडची ती मुरमाड चढण, आजोबांपासून गवतासाठी राखलेली, कधी नांगर न लागलेली. आपण तिला बीड म्हणतो. नकाशात तिच्यावर ‘पडीक’ लिहिलं होतं. मी तो नकाशा ओसरीवर पसरला तेव्हा दादा नुसता ऐकत होता. तुम्ही कणकेचे हात पुसत आलात, वाकून वाचलंत आणि म्हणालात, “पडीक? तुमच्या ऑफिसात कोनी गवत पाह्यलं नाई का कधी?”

मला वाटलं, झालं, आता ही बाई नाही म्हणणार. पण प्लांट झाला की शेताला दिवसा वीज मिळणार हे ऐकून तुम्ही त्याच दमात हो म्हणालात. रात्रीची लाइन म्हणजे काय, हे या घरात तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं? दादा ऐन थंडीत रात्री पिकाला पाणी द्यायला, ओलिताला जायचा, तेव्हा तो परत येईपर्यंत तुम्ही दारात बसलेल्या असायच्या. एकदा त्याच्या पायावरून साप गेला, तर दोन दिवस तुम्ही दादाशीच भांडत होतात, जणू साप त्यानेच बोलावला होता. “मले दिवसाची लाइन पायजे,” तुम्ही म्हणालात, “आन बीडबी पायजे.” मी म्हटलं, वैनी, दोन्ही कसं होईल? “काहून नाई होनार? तुमी इंजिनिअर कायले झाले मंग?”

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं ते अडकलंच. पुढे कंपनीच्या मीटिंगमध्ये मी पॅनलच्या रांगा बाजूला सरकवून मध्ये गवताचा पट्टा सोडा म्हणून भांडलो, ते गवतातल्या पक्ष्यांच्या प्रेमाने नाही. घरी आल्यावर तुम्हाला तोंड कसं दाखवू, या भीतीने. जमीन सपाट करायची नाही, खांब नुसते गाडायचे, गवताची मुळं राहू द्यायची, हेही त्यांनी मानलं. मुरूम कमी हलवावा लागतो हे पटवून दिलं म्हणून मानलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “कशानंबी मानू द्या. मानलं ना?”

मग तुमची साइटवर रोजची फेरी सुरू झाली. बी.एस्सी. बॉटनी झालेली बाई, ग्रामपंचायतीची सदस्य, आवाज असा की ठेकेदार गेटवरूनच पळ काढायचा. कुंपणाची खालची तार जमिनीपासून वीतभर वर पाहिजे म्हणून तुम्ही सगळ्या कुंपणाला हात लावत फिरलात. वाकायचं, पंजा पसरायचा, अंगठा जमिनीवर, करंगळी तारेला. जिथे करंगळी तारेच्या वर गेली तिथे तार उचलायला लावली. ससा जायला पाहिजे, कोल्हा जायला पाहिजे, मुंगूस जायला पाहिजे.

आणि डुकरं, वैनी? डुकरांचं काय? पहिल्याच पावसाळ्यात रानडुकरं त्या फटीतून तार वाकवून आत शिरली, केबलची चारी उकरली आणि अर्धा दिवस प्लांट बंद पडला. मला वरून शिव्या बसल्या. मी तुम्हाला फोन केला तर तुम्ही शांतपणे म्हणता, “डुकराले कोनती तार अडवते, भाऊजी? थे तं तसंबी येते. सशाले दुसरा रस्ता नाई.” मग आम्ही केबल जाड पाइपात टाकली. तरी मी आजही म्हणतो की वीतभर जास्त होतं, चार बोटं पुरली असती. बोला की आता. नुसतं फोटोतून बघू नका.

झाडांचं प्रकरण मात्र तुम्ही मला कधी पूर्ण बोलू दिलं नाही. कंपनीने रोपं पाठवली होती, कडुनिंब, करंज, गुलमोहर. निसर्गासाठी काही वाढवायचं म्हणजे झाडं लावायची, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं, आणि यात तुम्हीही आलात. शाळेची पोरं बोलावली, नारळ फोडला, पट्ट्यात रांगेने खड्डे केले, रोपांभोवती जाळ्या उभ्या केल्या. पेपरात फोटो आला, त्यात तुम्ही राठोडच्या शेजारी हातात झारी घेऊन उभ्या. दादाने तो फोटो कापून देव्हाऱ्याशेजारी लावला. मी काही बोललो नाही, कारण मलाही ते छानच वाटलं होतं.

पुढच्या वर्षी तुमचा चेहरा उतरला. गवतात जमिनीवर घरटी करणारी पाखरं, तितर, लावे, चंडोल, आणि त्यांच्या डोक्यावर तुमच्या जाळ्यांवर ओळीने बसलेले कावळे. बसायला जागा मिळाल्यावर ते खाली बघणारच. राठोड म्हणाला, पिल्लं उचलताना मी पाहिलं. त्यानंतर एका सकाळी पट्ट्यात ना रोप, ना जाळी. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, “वाळले थे.” वैनी, भर पावसाळ्यात? सगळे एकदम? आणि वाळलेली रोपं आपल्या अंगणात आणि शाळेच्या कुंपणाशी हिरवीगार कशी उभी राहिली? मी हसलो की तुम्ही पदर खोचून आत निघून जायच्या. पंचायतीत भल्याभल्यांना चूक कबूल करायला लावणारी बाई, स्वतःची एक चूक तुमच्या तोंडून मी शेवटपर्यंत ऐकली नाही. फोटो तेवढा देव्हाऱ्याजवळून काढून टाकलात.

त्याच हिवाळ्यात तुम्ही मला संध्याकाळी ओढत बिडात नेलं होतं. “मोबाइल खिशात ठेवा आन बसा चूप.” आपण बांधावर बसलो. पॅनलवर शेवटचं ऊन होतं. मग पश्चिमेकडून एक मोठा पक्षी आला, लांब पंखांचा, गवताला पोट लागेल इतक्या खालून. मग दुसरा. मग बरेच. दूर थंड देशातून येणारे भोवत्ये, तुम्ही त्यांना ‘पाहुणे’ म्हणायच्या. मी वाट बघत होतो की आता कुठल्या तरी झाडावर जातील. ते एकेक करून गवतातच उतरले आणि दिसेनासे झाले. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “झाडावर नाई बसत हे. झोपाले खाली उभं गवतच लागते ह्याह्यले.” तुमच्याकडून मिळालेली चुकीची कबुली म्हणाल तर तेवढीच.

दादाला का नाही आणलं म्हणून मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “त्याह्यची म्हशीची वेळ हाये ना.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणालात, “आनीन कधीतरी.”

तुमचं माझ्यावर काय काय आहे, ते मी कधी बोललो नाही, आपल्या घरात तशी पद्धतच नाही. इंजिनिअरिंगचं माझं एक वर्ष गेलं, दादाने बोलणं टाकलं, आई नुसती रडायची. तुम्ही नव्या नवरी होतात. विळा हातात दिलात आणि म्हणालात, चला बिडात. दिवसभर मी गवत कापलं आणि पेंढ्या बांधल्या. मार्कांबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणालात, “पेंढ्या ढिल्या बांधल्या जी तुमी. उद्या परत बांधा.” दुसऱ्या दिवशी मी परत बांधल्या. त्या दिवसापासून मला या घरात पुन्हा जेवण गोड लागायला लागलं, वैनी. हे तुम्ही असताना सांगायला काय झालं होतं मला, देव जाणे.

त्या वर्षी बीड आईने उघडलं होतं. तिच्या हातचं ते शेवटचंच. दिवाळीच्या आगेमागे आई जुनं हिरवं सुती लुगडं नेसायची आणि बिडातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची. परत येऊन बांधावर बसायची आणि काठ उलटून बघायची. काठाला कुसळं लागली असली, तर बी पिकलं आणि गळायला लागलं, मग विळा लावायचा. कुसळं नसली तर बीड बंद. शेजाऱ्याची म्हैस उपाशी असो की आपली, त्या दिवशी कोणी गवताला हात लावायचा नाही. आईनंतर ते लुगडं तुम्ही साडीवरून कमरेला गुंडाळायला लागलात. प्लांट झाल्यावरही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा राठोड सापाच्या भीतीने काठी घेऊन मागे धावला होता. नंतर दरवर्षी तो गेटवर उभा राहून विचारायचा, “याडी, बंद का चालू?”

आगीचा मुद्दा खोटा नाही, हे तुम्हालाही मान्य होतं. वाळलेलं गवत आणि विजेच्या तारा, मला त्याने झोप येत नसे. म्हणून पट्ट्याभोवती आग अडवायला मोकळा जाळपट्टा काढायचा, पॅनलखालचं गवत बुटकं ठेवायचं, आणि पट्टा बी गळल्यावर अर्धा कापायचा, अर्धा पाहुण्यांसाठी उभा ठेवायचा, असं आपण तिघांनी ठरवलं होतं. तुम्ही, मी आणि राठोड. बांधावर बसून, भुईमुगाच्या शेंगा खात. कागदावर काही नाही. कारण तुमचं म्हणणं, “पट्टा कागदावर मारला का बाकीचं रान मोकळं झालं समजतात लोक. मंग म्हनतील, तुमच्या पाखराले देल्ली ना जागा, आता इकडे बोलू नका.” आणि माझं म्हणणं, कागद नसेल तर उद्या एक मेल येईल आणि सगळं साफ होईल.

तो मेल आला, वैनी.

मशीनवाले यायचे त्या सकाळी मी यवतमाळहून निघालो. रस्ताभर कपाशी फुटलेली, सोयाबीनच्या गंज्या लागलेल्या, आणि मी मनातल्या मनात कंपनीच्या मॅनेजरशी भांडत होतो. मी कंपनीचा माणूस, हेड ऑफिसला नाही कसं म्हणू? बीड माझंही आहे, तर हो तरी कसं म्हणू? घरी दादाला सांगितलं. त्याने ऐकलं, आत गेला, एक पिशवी घेऊन आला आणि गाडीत बसला.

गेटवर टेम्पोतून गवत कापायच्या मशिनी उतरत होत्या. राठोड समोर आला. “साहेब, तुम्ही म्हटलं तर कापतो. कंपनी तुमची, बीडही तुमचंच.” मग खाली बघत म्हणाला, “पण याडीचं लुगडं आणलं का?”

मला सुचलंच नव्हतं. मी करार, नियम, आगीचे नकाशे, सगळं पाठ करून आलो होतो.

दादाने पिशवीतून ते हिरवं लुगडं काढलं. पँटवरून कमरेला गुंडाळलं, एका हाताने निऱ्या धरल्या. मशीनवाल्यांतला एक जण हसला. राठोडने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो टेम्पोच्या मागे गेला. दादा गवतात शिरला. वैनी, तुम्ही चालायच्या तेव्हा दादा विळा घेऊन बांधावर बसून असायचा, इतकी वर्षं. वाटायचं, त्याचं लक्ष नाही. पण तो अगदी तुमच्या वाटेने गेला. त्या दगडापाशी वळला जिथे तुम्ही वळायच्या, घाणेरीचं झुडूप सोडून पलीकडून आला. गवत त्याच्या छातीला लागत होतं. आम्ही सगळे उभे.

परत येऊन तो बांधावर बसला आणि काठ उलटला. बोटं फिरवत फिरवत सगळा काठ बघितला. एका जागी बोट थांबलं. मला वाटलं, मिळालं कुसळ, संपलं आता. जवळ जाऊन पाहिलं तर तिथे तुमचे टाके होते. फाटलेला काठ तुम्ही पांढऱ्या दोऱ्याने शिवला होता, हिरवा मिळाला नसेल. दादा त्या टाक्यांवर बराच वेळ बोट ठेवून बसला. मग पुढचा काठ बघितला, शेवटपर्यंत.

“बंद हाये,” तो म्हणाला.

राठोडने मशीनवाल्यांना पॅनलच्या रांगांत पाठवलं आणि मोबाइल काढून हेड ऑफिसला स्वतः उत्तर लिहिलं. मला दाखवलं. ‘पॅनलखाली काम सुरू. जाळपट्टा पूर्ण. मधला पट्टा कापणीस तयार नाही.’ मी खाली माझं नाव टाकायला सांगितलं. उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा चांगलं असेलच असं नाही.

म्हणून चैन पडत नाही. राठोडची बदली होऊ शकते. माझी होऊ शकते. दादाचे गुडघे दुखतात. तुम्ही म्हणायच्या माणसाने बघायला पाहिजे, आणि त्या सकाळी माणसांनी बघितलं, हे मी मान्य करतो. हरलो म्हणा हवं तर. पण करारात मी लिहिणारच आहे. रोज बसतो आणि खोडतो. ‘लुगड्याच्या काठाला कुसळे लागेपर्यंत कापणी करू नये.’ हे कोणता वकील ठेवेल? त्याखाली तुमचंही लिहिलंय, ‘पट्टा सोडला म्हणून उरलेले रान मोकळे समजू नये.’ मोठ्याने वाचतो आणि थांबतो. सवय आहे ना, तुम्ही मध्येच तोडणार म्हणून.

त्या दिवशी मशिनी बंद झाल्या, टेम्पो गेला. मी दादाला म्हटलं, चल, ऊन उतरलं. तो बांधावरून उठला नाही. लुगड्याची घडी मांडीवर होती.

“बस,” तो म्हणाला. “ती येथी बसून कोनाची वाट पाहे, थे मले दाखव.”

मी बसलो. मोबाइल खिशात ठेवला आणि पश्चिमेकडे बोट केलं. अजून पाहुण्यांचे दिवस नीट सुरू झाले नव्हते, कोणी येईल याची खात्री नव्हती, आणि तसं सांगायचं माझ्या जिवावर आलं. बराच वेळ नुसता वारा. पॅनलखाली एक तितर ओरडला. मग पॅनलच्या शेवटच्या रांगेवरून एकच भोवत्या आला, गवतावरून हळू फिरला, एक फेरी, आणखी एक फेरी, आणि न कापलेल्या पट्ट्यात उतरला. दादा पुढे झुकून बघत राहिला.

“खालीच बसला,” तो म्हणाला.

“झाडावर नाही बसत हे,” मी म्हटलं.

पूर्ण अंधार पडेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. त्या दिवशी म्हशीची वेळ टळली.